आपांची न झालेली बदली

शिरूरकडच्या तळेगावचा आठवडी बाजार भरला होता. मी मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालत उभी होते. जुडी कसली, चार काड्यांना दोरा गुंडाळलेला! तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. लताचा होता. लता म्हणजे वडगाव रासाईकडच्या आरोग्य उपकेंद्रात झाडलोट करणारी आमची कंत्राटी कामगार. ही बया कधी पूर्ण फोन करत नाही, मिस्ड कॉल देते आणि वाट बघत बसते. म्हणून मी उचलला तोच मुळी, "काय गं, आज रिचार्ज मारला वाटतं?" असं चिडवत.  ती म्हणाली, "सुमनताई... आपा गेल्या." मी म्हणाले, "कुठं गेल्या?" काय हा खुळेपणा! जन्मभर आरोग्य खात्यात नर्सची नोकरी केली, किती घरांच्या उंबऱ्यावर उभं राहून हेच दोन शब्द मी स्वतः सांगितले, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मला ते समजेनात. भाजीवालीला मात्र लगेच समजलं. तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "बसा बाई आधी. मेथी कुठं पळून न्हाई चालली."

आपा म्हणजे नजमा शेख. सरकारदरबारी स्टाफ नर्स, आणि शिरूर-दौंड मिळून आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांची जी संघटना आहे तिच्या कितीतरी वर्षांच्या अध्यक्ष. दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात बातमी आली, 'निवृत्त परिचारिकेचे निधन'. बस्स, एवढंच! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, निवृत्त परिचारिका तर मीही आहे, उद्या मी गेले तर माझ्यासाठी ही ओळ ठीक आहे. आपांसाठी नाही. म्हणून हे लिहायला बसले. मला लिहिता येत नाही, भांडता येतं. तेव्हा हे लिखाण भांडणासारखं वाटलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आपांचं घर दौंडला आणि नोकरी शिरूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात. कुठल्या ते मी लिहीत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. यजमान इक्बालभाई रेल्वेत होते. मुलगी लग्न होऊन लांब गेली. आठवडाभर आपा दवाखान्याजवळ एका खोलीत राहायच्या आणि सुट्टीला न्हावरा, चौफुला करत एसटीनं दौंड गाठायच्या. पुढं इक्बालभाईंच्या किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं. शेजारच्या रिक्षावाल्यावर नवऱ्याला सोपवून ही बाई इकडे दुसऱ्यांच्या नवऱ्यांना सलाईन लावत होती. दरवर्षी दौंडला बदली मागायच्या आणि दरवर्षी उत्तर यायचं की जागा रिकामी नाही. आपांनी आयुष्यात स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली, ती ही बदली. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमच्या सभा भरायच्या दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, रविवारी. पूर्वी तिथं काय व्हायचं, तर क्वार्टरमध्ये राहणारे लोक चहाबिहा पिऊन, पान लावून आरामात यायचे आणि तासभर भाषणं ठोकायचे. लांबच्या उपकेंद्रांवरून आलेल्या बायका बिचाऱ्या मागं भिंतीला टेकून बसायच्या. त्यांना परतीची जीप धरायची असायची. भाषणं रंगात यायची तेव्हा त्या पदर खोचून निघून गेलेल्या असायच्या, आणि ठराव मात्र 'सर्वानुमते' पास! आपा अध्यक्ष झाल्या त्या पहिल्याच सभेत उभ्या राहिल्या आणि विचारलं, "आज सगळ्यात लांबनं कोण आलंय?" कुणीतरी घाबरत हात वर केला. "मग आधी तू बोल. तुझी जीप सुटंल." झालं, तेव्हापासून आमच्याकडे लांबचं माणूस आधी बोलतं. मग तो डॉक्टरबाईंच्या हाताखालचा असो नाहीतर संडास धुणारा असो. सुरुवातीला यावरूनही भांडणं झाली. कारेगावची एक सिस्टर म्हणायची, "माझं अंतर कमी हाय, पन शिफ्ट सुटल्याव कंपन्यांच्या बसच्या गर्दीत दोन तास अडकती, त्ये नको का धरायला?" आपा म्हणाल्या, "धरू की. ज्याला घरी पोचायला उशीर त्यो लांबचा." मी तळेगावची, त्यामुळे माझा नंबर नेहमी मधला. तो येईपर्यंत माझा राग निम्मा थंड झालेला असायचा. आता वाटतं, आपांनी तेही हिशेबात धरलं असणार. बाई भारी चतुर.

भांडणं माझ्याकडे आणि बोलणी त्यांच्याकडे, अशी आमची वाटणी होती. साहेबांकडे जायचं तर कधीच एकट्यानं जायचं नाही हा त्यांचा दंडक. जिना चढताना त्या मला सांगायच्या, "सुमन, तू पेटव. मी फुंकर घालते." मी टेबलावर हात आपटायचे, साहेब लाल व्हायचे, आणि मग आपा अशा काही मऊ आवाजात बोलायला लागायच्या की साहेबांना त्या देवासारख्या वाटायच्या. एकदा तर एका साहेबांनी आमच्यासाठी कपबशीतून चहा मागवला. आपांनी कपाला हात लावला नाही. म्हणाल्या, "साहेब, बाहेर उन्हात आमच्या बायका उभ्या हायेत. त्यांना आधी पाजा, मग आम्ही पितो." साहेबांना वाटलं, असतील चारपाच. खिडकीतून बघितलं तर आख्खं अंगण भरलेलं! शिपाई किटल्या घेऊन पळतोय, पुन्हा भरून आणतोय... चर्चा राहिली बाजूला, साहेब स्वतः कप मोजून द्यायला लागले. त्या दिवशी आमची मागणी काय होती ते मला आज आठवत नाही, पण मान्य झाली एवढं आठवतं.

आता खरी गोष्ट. करोना ओसरला आणि दवाखान्यांतल्या कंत्राटी बायकांना नव्या ठेकेदारानं सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आया, सफाईवाल्या, सगळ्या. लताही त्यात. अरे, ज्या दिवसांत सख्खा मुलगा बापाच्या देहाजवळ यायला तयार नव्हता, त्या दिवसांत याच बायकांनी माणसं उचलली होती! आमच्या कायम नोकरीवाल्यांचीही एक जुनी मागणी होती, अडकून पडलेली पदोन्नती. आपांनी दोन्ही मागण्या एकत्र बांधल्या. संघटनेत कुरकुर झाली. कंत्राटी बायका आपल्या सभासद कशाला, त्यांचं ओझं आपण का उचलायचं, असं काहीजण म्हणाले. आपांनी एवढंच विचारलं, "ओझं उचलायची वेळ आली तवा त्यांनी विचारलं व्हतं का, हे कुणाचं हाय म्हणून?" दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फाटकासमोर मांडव उभा राहिला आणि संप सुरू झाला.

संपाचा आपांचा एक नियम होता. "संप सायबाशी हाय, बाळंतिणीशी न्हाई." प्रसूतीची खोली कधी बंद ठेवायची नाही. पाळीपाळीनं दोघीजणी आत राहायच्या, बाकीच्या मांडवात बसायच्या. एका दुपारी एक जीप धुरळा उडवत आली. आत पहिलटकरीण, बाळंत होता होता रक्तस्राव सुरू झालेला. आतल्या दोघींनी हाक मारली, म्हणून अजून दोघी गेल्या. कुणी रक्ताची बाटली आणायला पळालं, कुणी पाणी तापवायला, कुणी नातेवाइकांना धरून बसवायला. मी घोषणा देत होते. अर्ध्या घोषणेत माझ्या लक्षात आलं, 'जिंदाबाद' म्हणायला मागं कुणीच नाही. मग मीही पळाले. मांडवात उरला तो बॅनर आणि सावलीला येऊन झोपलेलं एक कुत्रं. आणि वरचे साहेब नेमके तेव्हाच पाहणीला आले! रिकामा मांडव बघून त्यांना कोण आनंद. फोटो काढला आणि 'संप फसला' म्हणून ग्रुपवर टाकूनही दिला. जगात कुठल्या संपकऱ्यांनी एवढी मोठी चूक केली असेल? संप सोडून सगळेच्या सगळे कामाला गेले!

थोड्या वेळानं आपा बाहेर आल्या. कोपरापर्यंत हात नुकतेच धुतलेले, कपाळावर घाम. साहेब हसत म्हणाले, "काय मॅडम, मिटला का संप?" आपा म्हणाल्या, "न्हाई साहेब. संपावरली माणसं जरा आत कामाला गेल्यात. येतील इतक्यात, बसा." आणि मग हळूच, "मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत."  आम्ही एकेक करून परत येऊन मांडवात बसलो आणि माझी अर्धी राहिलेली घोषणा मी पूर्ण केली. दुसऱ्या दिवसापासून त्या बाळंतिणीच्या सासरहून भाकरी आणि पिठल्याचं पातेलं यायला लागलं. गाव सोबत आलं. आम्ही नुसतेच बसलो असतो तर ते आलं नसतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

मग साहेबांनी आपांना आणि मला वर बोलावलं. पंखा लावला, पाणी दिलं. म्हणाले, "कायम लोकांच्या पदोन्नतीचं मी करून देतो. कंत्राटी बायकांचा विषय ठेकेदाराचा आहे, तो सोडा. संप मागं घ्या."  मग साहेब आवाज उतरवून म्हणाले, "आणि मॅडम, तुमच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. दौंडची ऑर्डर तयार करायला सांगितलीय. सही तेवढी बाकी."   इतक्या वर्षांची मागणी अशी ताटात वाढून समोर आलेली. त्या म्हणाल्या, "संपाचं सभेला विचारते. बदलीचं मला विचारलंत, त्याचं उत्तर उद्या देते."

जिना उतरताना मी नुसती धुमसत होते. म्हणाले, "आपा, मी उद्या सभेत सांगणार. तुम्हाला विकत घ्यायला निघालेत हे लोकांना कळू दे. तुम्ही काय सोडताय तेही कळू दे." आपा पायरीवरच थांबल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर आवाज चढवला. "खबरदार सुमन! माझ्या घरचं दुखणं सभेत आणलंस तर तुझी माझी बोलाचाली बंद. लोक माझ्याकडं बघून न्हाई ठरवनार. त्यांच्या मनानं ठरवतील. मला बघून हो म्हनले तर चार दिवसांनी पस्तावतील, आन् मंग त्या बायांना बोल लावतील." मला शपथ घातली. मी ती पाळली, इतकी वर्षं पाळली, आणि माझ्यासारख्या बडबडीला ते किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांनी समजून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सभा. पाय ठेवायला जागा नव्हती. आपांनी साहेबांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, बदलीचा शब्दही न काढता. मग नेहमीचा प्रश्न विचारला. सगळ्यात लांबून आली होती लता. तिलाच आधी बोलायचं होतं. उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आपा, पर्मनंट बायांचं व्हतंय तर घ्या पदरात. आमचं काय... आम्ही आधीबी कांदं काढाया जात व्हतो, आताबी जाऊ. पन तुमी आमच्यासाठी बसला, ह्ये आमी इसरणार न्हाई." आणि खाली बसली.  एकामागून एक बायका उठायच्या, तोंड उघडायच्या आणि 'मला काय सुचंना' म्हणून बसायच्या. माझी पाळी आली तेव्हा मीही, विश्वास ठेवा, नुसतेच हात जोडले आणि खाली बसले. 

शेवटी उरले क्वार्टरवाले. त्यातले जगतापमामा म्हणजे आमचा सगळ्यात मोठा आवाज. निवृत्तीला आलेले, पदोन्नतीसाठी सर्वांत जास्त तेच आसुसलेले. कंत्राटींचं ओझं नको म्हणणाऱ्यांत तेच पुढं होते. मामा उठले. म्हणाले, "ही पोरगी पयली बोलली नसती तर मी आज 'घ्या' म्हणणार व्हतो. खोटं कशाला बोलू? पन माझी आई करोनात गेली तवा तिला मी हात लावला न्हाई. घाबरलो व्हतो. हिनं लावला. आन् आता ही मला म्हंती, तुमी घ्या, आम्ही कांदं काढतो..."  डोळे पुसून ओरडले, "न्हाय पायजे मला तसली पदोन्नती! घ्यायचं तर समद्यांचं, न्हाईतर कुणाचंच न्हाई!" अशा टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत, वरचा पत्रा वाजत होता. आपा एवढंच म्हणाल्या, "ठरलं तर." तिथून त्या थेट साहेबांकडे गेल्या, मला सोबत घेऊन, आणि संपाचं आणि बदलीचं, दोन्ही उत्तरं एकाच वाक्यात देऊन आल्या. "न्हाई म्हनत्यात, साहेब."

संप अजून बरेच दिवस चालला. हाल झाले, घरोघर भांडणं झाली. पण गावं मागं उभी राहिली आणि शेवटी सगळ्या बायका कामावर परत आल्या. पदोन्नतीही आली, रडतखडत, जगतापमामांच्या निवृत्तीच्या अगदी तोंडावर. मामांनी त्या दिवशी पेढे वाटले ते लतापासून सुरुवात करून. बदली फक्त एकाच माणसाची झाली, त्या साहेबांची. आपा निवृत्त होईपर्यंत एसटीनं दौंड-शिरूर करत राहिल्या. निवृत्तीनंतर कुठं त्यांना नवऱ्याजवळ राहायला मिळालं, तेही थोडेच दिवस. एका सकाळी नमाज झाली, गॅसवर चहा ठेवला आणि छातीत कळ आली. आजारी माणूस मागं राहिला आणि धडधाकट बाई निघून गेली.

मातीच्या वेळी कब्रस्तानाबाहेर आम्ही बायका उभ्या होतो. एक ओळखीचे गृहस्थ मला म्हणाले, "मुसलमानाची असून बाईनं सगळ्यांसाठी किती केलं हो!" खरं तर मी त्या दिवशी कुणाशी भांडायचं नाही असं ठरवून गेले होते. पण म्हणाले, "असून? असून काय? ती आमची अध्यक्ष होती म्हणून केलं." ते गर्दीत मागं सरकले. बरं वाटलं. आपा असत्या तर म्हणाल्या असत्या, पेटवलंस का पुन्हा?

परवा दौंडला जाऊन आले. मनाशी ठरवूनच निघाले होते की आज इक्बालभाईंना सगळं सांगायचं. शपथ घालणारीच गेली, आता त्या शपथेला कुठवर धरून बसायचं? आणि या माणसाला कळायला हवं की त्याची बायको काय होती. वाटेत मात्र भीती वाटायला लागली. त्यांना वाटलं तर, की मी इथं झिजत होतो, ती जवळ येऊ शकत होती, आणि तिनं परक्या बायकांसाठी नाही म्हटलं? मेलेल्या माणसाविषयी जिवंत माणसाच्या मनात अढी घालायची का? ...दोनदा वाटलं, चौफुल्यावर उतरावं आणि मागं फिरावं.

इक्बालभाई पलंगावर उशीला टेकून बसले होते. फार उतरलेत. मी धीर करून सांगितलं, साहेबांची खोली, ऑर्डर, शपथ, सगळं. ते ऐकत राहिले, आणि मग हसायला लागले. अगदी ठसका लागेपर्यंत हसले. "सिस्टर, त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं आली व्हती ती इथं. दारातच म्हनाली, अजी, बदली मिळतीय. मी म्हनलं, अशी कशी, फुकट? ती म्हनाली, न्हाई, त्या बायांच्या बदल्यात. मी म्हनलं, मंग असली बायको मला घरात नको. जेवून घे आन् सकाळच्या गाडीनं माघारी जा." मग उशी सारखी करत म्हणाले, "रडलो मातर लई. ती बी आन् मी बी. त्ये तुमच्या सभेला सांगू नका." मी आपलं डोळ्याला पदर लावला. इतकी वर्षं मी समजत होते की आपांनी हे एकटीनं पेललं. तसं नव्हतंच. दोघांनी मिळून पेललं होतं, आणि मला किती अभिमान वाटला, दोघांचाही, ते मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात आतून लता आली. हातात पिशवी, टॉवेल, पाण्याची बाटली. मी चाटच पडले. "तू गं इथं कशी?" म्हणाली, "आज डायलिसिस न्हाई का भाईंचं? आज माझी पाळी. पुढची मामांची, त्ये रिक्षा घेऊन येत्यात. मंग कारेगावच्या सिस्टर." हे सगळं मला, संघटनेच्या सर्वांत बडबड्या बाईला, कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी ठराव केला नव्हता, कुणी कुणाला विचारलं नव्हतं. आपा गेल्या आणि दुसऱ्या आठवड्यापासून माणसं येऊ लागली, एवढंच.

लतानं त्यांना खांद्याचा आधार दिला. दुसऱ्या बाजूनं मी धरलं. दाराशी इक्बालभाई दम खायला थांबले आणि म्हणाले, "एका सिस्टरची बदली मागत व्हतो सरकारकडं, दौंडला, माझ्यापाशी. न्हाई जमलं त्यांला. आता बघा... तिनं आख्खी संघटना बदलीवर पाठवलीया."

"बोलू नका भाई, धाप लागंल," लता म्हणाली, आणि खाली वाकून तिनं त्यांच्या पायात चपला सरकवल्या.